खाणीला इंग्रजीत काय म्हणायचं

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला खाणीवर चौदा मुलं होती, त्यांत चार मुली. अकरा पत्र्याचे डबे, ट्रकच्या दोन ट्यूब, नायलॉनचा एक दोर, चपलांचे बारा जोड (दोघं अनवाणी आले होते), समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांमधून बघणारे सहा जण आणि माझे मामा. पाणी किती होतं ते कोणी मोजलेलं नव्हतं.

हडपसर मागे टाकून लोणी काळभोरच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला आमचं गाव लागतं. काही वर्षांपूर्वी ते महापालिकेत आलं, म्हणजे पाटी बदलली. गावामागे काळ्या दगडाची जुनी खाण आहे. दगड काढणं थांबलं, पंप बंद झाले आणि खाण हळूहळू भरली. तीन बाजूंनी सरळ कातळ आणि चौथ्या बाजूला एक लांब उतार, जिथून पूर्वी ट्रक खाली जात. त्या उतारावर बाबूमामा दर एप्रिल-मेमध्ये गावातल्या मुलांना पोहायला शिकवतात. ते औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त आहेत. तिथे त्यांना सगळे बाबुराव म्हणत, खाणीवर मास्तर म्हणतात.

त्यांची पद्धत अशी. मुलाच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा. डब्याचं तोंड डाग देऊन बंद केलेलं असतं आणि कोपऱ्यात एक बूच असतं. चार दिवस मूल डब्याच्या जोरावर तरंगतं. मग मामा रोज, मुलाला न सांगता, बूच काढून डब्यात थोडं पाणी भरतात. शेवटी डबा पूर्ण भरतो. मूल मात्र डब्यामुळेच आपण तरंगतोय अशा समजुतीत पोहत राहतं. सातवीत मी भरलेला डबा वागवत आठ दिवस पोहत होते. हे मला बारावीत आर्किमिडीजचा नियम नीट कळला तेव्हा लक्षात आलं. मामांना विचारलं तर म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर बुडाली असतीस."

खाणीच्या पूर्वेला 'लेक मॅजेस्टिका' नावाची बारा मजली सोसायटी उभी राहिली. तिच्या जाहिरातीतल्या चित्रात खाणीच्या जागी निळं पाणी होतं आणि त्यावर दोन हंस. तिथे राहायला आलेल्यांनी हंसांची वाट पाहिली असेल. त्यांना पाठीला डबे बांधलेली चड्डीतली पोरं दिसली.

त्याच आठवड्यात सोसायटीने महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे तक्रार केली. तक्रार दोन पानी होती आणि इंग्रजीत होती. तिच्यावर सोसायटीचे अध्यक्ष यज्ञेश्वर केतकर यांची सही होती. बँकेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली होती आणि सवय सुटली नव्हती. लेकचं सौंदर्य, लेकचं पर्यावरण, लेकची शांतता. 'लेक' हा शब्द मी मोजला. एकोणीस वेळा आला होता.

तक्रारीवरून मामांना नोटीस आली. सदर जलसाठ्याचे स्वरूप निश्चित होईपर्यंत पोहण्याचा वर्ग बंद ठेवावा.

आता यात कुणाचं काय जाणार होतं ते सांगते. मामी गेल्यापासून मामा एकटे राहतात. त्यांचा मुलगा रोहन हिंजवडीला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि तीन वर्षं त्यांना तिकडे बोलावतोय. मामा दरवर्षी एकच उत्तर देत. एप्रिल-मेमध्ये वर्ग असतो, जून ते ऑक्टोबर खाण भरलेली असते तेव्हा लक्ष ठेवावं लागतं, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये डबे दुरुस्त करायचे असतात. नोटिशीची बातमी रोहनला कशी कळली माहीत नाही, पण त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आता तरी या ना, बाबा. इथे स्विमिंग पूल आहे. मस्त आहे."

"किती खोल आहे?"

"चार फूट."

"मग मी काय उभा राहू त्यात?"

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "यंदा वर्ग झाला नाही तर त्याला सांगायला माझ्याकडे काही नाही गं, अपेक्षा." आणि डब्यांवर गोणपाट टाकलं.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेले. मी भूशास्त्रात बी.एस्सी. आहे आणि हडपसरच्या एका माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. एवढ्यावरून मामांनी मला तज्ज्ञ ठरवलं होतं. प्रकरण योगेश शेवाळे नावाच्या कनिष्ठ अभियंत्याकडे होतं. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो सभ्य होता आणि थकलेला होता.

"साधी गोष्ट आहे, काका," तो म्हणाला. "सिस्टीममध्ये जलसाठ्याचा प्रकार निवडायचा. प्रकार ठरला की खातं ठरतं, खातं ठरलं की नियम ठरतात. मग मी नोटीस मागे घेऊ शकतो, किंवा नाही."

"खाण लिहा," मामा म्हणाले.

"खाण नाहीये यादीत. आणि खाण म्हटलं तर ते खनिकर्म खात्याकडे जातं, आमच्याकडे राहत नाही."

"दगड काढायचे थांबून पंचवीस वर्षं झाली."

"मग ती बंद खाण. बंद खाण म्हटलं की भराव. राडारोडा टाकायला साहेब लोक जागा शोधतातच आहेत. शोधून देऊ का?"

योगेशने स्क्रीन आमच्याकडे वळवली. इंग्रजीतले सहा शब्द होते. त्याने ते एकेक करून समजावले, हॉटेलातला पोऱ्या काय काय शिल्लक आहे ते सांगतो त्या सुरात.

"पडल. म्हणजे डबकं. ते आरोग्य खात्याकडे. डासांसाठी येऊन तेल ओततील. मग पूल. पूल घेतला तर फरशी, फिल्टर, क्लोरीन, जीवरक्षक आणि पोहणाऱ्याच्या डोक्यावर टोपी."

"पोरांना टोपी कशाला? केस आहेत त्यांना."

"टँक घेतला तर पाणीपुरवठा. ते झाकण मागतील."

"खाणीला?"

"टँकला. रेझर्व्हॉयर घेतलं तर पाटबंधारे. ते विचारतील कालवा कुठाय. लेक घेतलं तर उतरायला मनाई, फक्त बघायचं. तक्रारदारांचं तेच म्हणणं आहे."

"आणि हा शेवटचा?"

"पाँड. पाँडचं बरं असतं," योगेश म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडा जीव आला. "पाँड म्हणजे आपलं गावतळं. पूर्वापार वापर असेल तर चालू राहतो. पोहणं, गुरं धुणं, काहीही."

"मग पाँड टाका की."

"काका, तक्रारीत लेक म्हटलंय. मी नुसतं पाँड टाकलं तर माझी बदली होईल. टेक्निकल माणसाचा अहवाल हवा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम सायन्सच्या ना?"

पुढचे तीन दिवस मी जेवणाच्या सुटीत लेक आणि पाँड यांतला फरक शोधला. इंग्रजांकडे साचलेल्या पाण्याला शब्द पुष्कळ आहेत. मुलुखच ओला. डोंगरात हिमनदीने कोरलेल्या खळग्यात साठतं ते टार्न. हिमनदी हडपसरपर्यंत आल्याचा पुरावा नाही, म्हणून ते सोडलं. पसरट आणि उथळ ते मेअर. वाळूच्या बांधाने समुद्रापासून तुटलेलं ते लगून. समुद्र आमच्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. इंग्लंडातही बंद खाणी पाण्याने भरतात, पण त्यासाठी खास एकशब्दी नाव मला सापडलं नाही. लेक आणि पाँड यांतली सीमा तर कुणीच नीट आखलेली नाही. एका ठिकाणी आठ हेक्टर क्षेत्रफळ, दुसऱ्या ठिकाणी दोन. कुणी म्हणे वाऱ्याने लाटा उठल्या तर लेक, कुणी म्हणे तळापर्यंत उजेड पोचला तर पाँड. जी भाषा सोसायटीने इतक्या आत्मविश्वासाने वापरली होती, तिच्यातल्या लोकांचं आपापसांतच अजून ठरलं नव्हतं.

गेनबा रोज संध्याकाळी आपली म्हैस खाणीवर आणतात. सहज त्यांनाही विचारलं, तुम्ही याला काय म्हणता.

"खान," ते म्हणाले.

"पण आता यात पाणी आहे."

"पानी भरल्याली खान हाय मग. कॉलिजात ह्येच शिकिवत्यात व्हय?"

मी योगेशला चारही व्याख्या पाठवल्या. त्याचं उत्तर आलं ते असं. क्षेत्रफळ नको, कारण नगर भूमापनाची मोजणी लावली तर पुढचा एप्रिल उजाडेल. लाटा नकोत, कारण वाऱ्याची वाट बघायला कर्मचारी नाहीत. उजेडाचं चालेल. शनिवारी सकाळी जागेवर पाहणी, दोन्ही पक्षांनी हजर राहावं.

उजेड किती खोल जातो हे मोजायची जुनी, सोपी रीत आहे. वीस सेंटिमीटरची एक तबकडी घ्यायची, तिचे चार भाग करून काळे-पांढरे रंगवायचे आणि खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडायची. दिसेनाशी होते ती खोली लिहायची. तळाला टेकल्यावरही दिसत राहिली तर उजेड तळाला पोचतो, असं धरायला हरकत नाही. मी आईची एक स्टीलची ताटली वापरली. आईने विचारलं की ही परत स्वयंपाकघरात येणार का. नाही म्हटल्यावर तिने ती बदलून जुनी दिली.

शनिवारी केतकर पावणेनऊलाच उताराच्या तोंडाशी उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तक्रारीची प्रत.

"आपणच बाबुराव? नमस्कार. आपलं कार्य स्तुत्य आहे हो. माझा त्याला मुळीच विरोध नाही. फक्त ते दुसरीकडे करा."

"दुसरीकडे खाण नाही."

"खाण नाही, लेक. आम्ही लेकच्या काठी घर घेतलंय, धोबीघाटाच्या नाही."

"तुमच्या घराचा पाया याच कातळात आहे," मामा म्हणाले. "म्हणजे तुम्ही एका परीनं खाणीतच राहता."

योगेश टेप घेऊन आला. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि पाण्याच्या कडेपासून सोसायटीच्या क्लबहाऊसच्या भिंतीपर्यंत टेप धरली. मी दुसरं टोक धरलं होतं. नऊ मीटर साठ सेंटिमीटर भरलं.

"केतकरसाहेब," तो परत येऊन म्हणाला, "लेक नक्की ना?"

"नक्की म्हणजे? पत्र वाचलं नाहीत का आपण? प्रत्येक परिच्छेदात आहे."

"वाचलं. तेच सांगायचं होतं. लेक ठरलं की काठापासून तीस मीटर बांधकाम चालत नाही. क्लबहाऊस जाईल. जिम त्याच्यातच आहे ना? शिवाय त्या विंगच्या खालचं पार्किंग. ती कुठली?"

"बी," केतकर म्हणाले.

"बी विंगला कोण असतं?"

"मी असतो."

केतकरांनी तक्रारीची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"'लेक' हा शब्द आम्ही तिथे भावनेच्या अंगाने वापरला आहे," ते म्हणाले.

"एकोणीस वेळा," मी म्हटलं.

"भावना तीव्र होती."

"मग आता काय म्हणू या?" योगेशने विचारलं.

"पाँडमध्ये काय वाईट आहे? सुटसुटीत शब्द आहे. पाँडला तीस मीटर लागतात का?"

"पाँडला काही लागत नाही."

"मग झालं तर. एवढा वेळ का घालवताय?"

आता पाण्याभोवतीच्या सगळ्यांचं एकमत झालं होतं, फक्त पाण्याचं राहिलं होतं. केतकरांचा लेक आधीच सिस्टीममध्ये चढलेला असल्यामुळे मोजमापाशिवाय तो खोडता येणार नव्हता. नियम योगेशने पुन्हा मोठ्याने सांगितला, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. तळाशी टेकलेली तबकडी दिसली तर पाँड. आधीच दिसेनाशी झाली तर लेक.

मी ट्यूबवर बसले आणि मामांनी दोर कमरेला बांधून मला पोहत मध्यावर ओढत नेलं. त्यांचं वय सदुसष्ट आहे. त्यांना अजिबात धाप लागली नव्हती. मी आधी वजन सोडून तळ पाहिला. अकरा मीटर चाळीस. मग तबकडी सोडली. पांढरे भाग हिरवट झाले, मग नुसती एक फिकट खूण राहिली, मग तीही गेली. तीनदा मोजून सरासरी काढली आणि काठाकडे ओरडून सांगितलं, "दोन मीटर साठ."

योगेशचं पेन हलल्याचं दिसलं नाही. आम्ही परत आलो.

"मॅडम, तिथे मध्यावर कोण पोहतं?" त्याने विचारलं.

"तिथवर जायची परवानगी मी दहावी पास झाल्यावर देतो," मामा म्हणाले.

"म्हणजे वर्ग उतारावर. मग मोजमाप वापराच्या जागी घ्यायला हवं. पिण्याचं पाणी आपण धरणात जाऊन तपासतो का? नळाला तपासतो."

"अगदी शास्त्रीय," केतकर म्हणाले.

मी म्हटलं की शास्त्रीय नाहीये ते. पाण्याच्या साठ्याचा प्रकार ठरवायचा तर सर्वांत खोल जागा बघावी लागते, काठाला सगळंच उथळ असतं. काठाला मोजलं तर समुद्रसुद्धा पाँड ठरेल.

"समुद्र आपल्या हद्दीत येत नाही," योगेश म्हणाला.

"मग दोन्ही लिहू. मध्यावरचं आणि काठावरचं."

"नोंदीला एकच चौकट आहे. पण कुठे घेतलं ते लिहायला जागा आहे. खोटं काही लिहायला मी सांगत नाहीये."

"ताई," केतकर अतिशय सौम्यपणे म्हणाले, "आपला आग्रह लेकचाच आहे का? मी आपलं सहज विचारतो."

मामा डोकं पुसत उभे होते. त्यांनी टॉवेल पिळला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "तुला दिसलं ते लिही, अपेक्षा," ते म्हणाले. "मी रोहनला कळवतो. त्याच्याकडे पाणी गरम असतं म्हणे."

मी तबकडी घेऊन उतारावर गेले. तेवढ्यात वरून गेनबा म्हैस घेऊन उतरले. शनिवारी ते सकाळीही येतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कुणी काही म्हणायच्या आत म्हैस उताराच्या बरोबर मध्ये पाण्यात बसली. चहाचा रंग वर आला.

"गेनबा, उठवा तिला," मामा म्हणाले.

"आत्ता बसलीय. मनात आलं म्हंजी उठंल."

केतकरांनी म्हशीला इंग्रजीत 'गो' म्हणून पाहिलं. ती वीस मिनिटांनी तिच्या सवडीने उठली आणि उठताना उरलेला गाळही वर आणला. मी तबकडी सोडून बघितली. पस्तीस सेंटिमीटरला गायब.

"हे डबकंच झालं," योगेश हळूच म्हणाला. "आता आरोग्य खातं."

मी सांगितलं की भरड कण मिनिटांत बसतील, बारीक मातीला तास लागतील आणि अगदी बारीक चिकणमातीला दिवस. पण उतारावर मुरमाचा थर जास्त आहे, माती कमी. थांबून बघता येईल. कुणीही पाण्यात पाय घालायचा नाही.

मग आम्ही सगळे उतारावरच्या दगडांवर बसलो. केतकरांनी क्लबहाऊसमधून कागदी पेल्यांत चहा मागवला. गेनबांनाही दिला आणि म्हैस किती दूध देते ते विचारलं. योगेश दर थोड्या वेळाने उठून पाण्याकडे बघायचा आणि परत बसायचा. त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मामांच्या खिशातला फोन एकदा वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो तसाच वाजू दिला.

"रोहन?" मी विचारलं.

"हं."

"काय सांगणार?"

"तू सांगशील ते."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पाण्यातला तांबूसपणा उतरला होता. वारा नव्हता. मी योगेशकडून कागद मागून घेतला, जागेच्या रकान्यात आधी लिहिलं आणि मगच कमरेपर्यंत पाण्यात शिरले, तळ ढवळू नये म्हणून दगडावर पाय ठेवत. काठावर चौघं एका ओळीत उभे होते. दोरी सोडली. ती सैल पडली तेव्हा वाकून सरळ खाली बघितलं, एकदा उन्हात, एकदा माझ्या सावलीत. मग बाहेर येऊन नोंद पूर्ण केली.

ठिकाण: उतार, काठापासून चार मीटर. वेळ: दुपारी १२:१०. पाण्याची खोली: १.०५ मीटर. तबकडी तळाशी टेकलेली असताना: दिसते.